बर्फाचे नियम आणि आमची तिफन

इंझोरीहून दीड कोसावरच्या एका गावात मी सतरा वर्षं मास्तर होतो. शाळा एका खोलीची. चार वर्ग त्याच खोलीत चार भिंतींकडे तोंडं करून बसत आणि मी मधोमध उभा राहून जो वर्ग जास्त गोंगाट करील त्याला शिकवत असे. दुसरी लढाई सुरू व्हायच्या आठ-नऊ वर्षं आधी कारंज्याच्या एका जिनात, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, एक गोरा साहेब इंजिन सांभाळायला आला. तो इंग्रज नव्हता, व्हिएन्ना नावाच्या शहरातला होता. कपाशीचा हंगाम संपला की इंजिन थंड पडे आणि साहेबाला काम उरत नसे. म्हणून त्यानं मराठी शिकायचं ठरवलं आणि कोणीतरी त्याला माझ्याकडे पाठवलं. दर रविवारी सकाळी तो सहा कोस सायकल मारत शाळेत यायचा. मी त्याला मराठी शिकवायचं, त्यानं मला इंग्रजी, असं ठरलं होतं.

त्याचं इंग्रजी माझ्याइतकंच कच्चं होतं, त्यामुळे आमचं एकमेकांना चांगलं समजे. मराठी मात्र तो जिनातल्या माणसांकडून आधीच थोडी शिकून बसला होता. पहिल्याच दिवशी ओसरीवर टेकून तो म्हणाला, "मले तहान लागून राह्यली." मी त्याला "मला तहान लागली आहे" असं म्हणायला शिकवलं. त्यानं ते वहीत लिहून घेतलं. पुढच्या रविवारी त्यानं सांगितलं, की जिनात तसं म्हटल्यावर कोणी पाणी दिलं नाही.

दर वर्षी होळीच्या पुढेमागे त्याला बहिणीचं पत्र येई. पत्रात वर्तमानपत्राचं एक कात्रण असे. त्या रविवारी मराठी होत नसे, इंग्रजीही होत नसे. साहेब कात्रण मांडीवर पसरून दोन-तीनदा वाची आणि मग घडी घालून खिशात ठेवी. तिसऱ्या वर्षी मी विचारलं, की घरी कोणी आजारी आहे काय. तो म्हणाला, तसं काही नाही, बर्फावरच्या स्पर्धेचा निकाल आहे.

आमच्या गावात बर्फ पाहिलेला माणूस एकच. पाटलांनी अकोल्याला एका लग्नात भुशात गुंडाळलेली बर्फाची लादी पाहिली होती आणि तिच्यावर हात ठेवला होता. त्यामुळे बर्फावर माणसं चालतात हे मी सांगितलं तेव्हा पाटलांनी तेवढ्या लादीवर किती माणसं मावतील याचा हिशेब केला आणि साहेब थापा मारतो असं ठरवलं. साहेबानं सांगितलं, की त्यांच्याकडे तळंच्या तळं गोठतात. माणसं बुटांखाली लोखंडी पातं बांधून त्यावरून घसरत जातात आणि पात्यानं बर्फावर आकृती काढतात. दर वर्षी निरनिराळ्या देशांतली माणसं एका गावी जमतात. कोणी आकृती चांगली काढली ते पंच ठरवतात.

मला वाटलं होतं, की यात नाचणं-बागडणं असेल. ते होतंच, पण शंभरातले चाळीस गुण त्याला. उरलेले साठ आकृतीला. आकृती म्हणजे बहुतेक वेळा इंग्रजी आठाचा आकडा. तो एका पायावर काढायचा आणि त्याच रेषेवरून पुन्हा काढायचा, आणि पुन्हा एकदा. तीन रेषा एकीवर एक बसल्या पाहिजेत. मग पंच खाली वाकून रेषा बघतात. कोणी टाळ्या वाजवत नाही. थंडीत हे तासन्‌तास चालतं. साहेबानं शाळेपुढच्या धुळीत काठीनं आठ काढून दाखवला. तरुणपणी तो स्वतः एकदा त्या स्पर्धेत उतरला होता आणि सातवा आला होता. एकूण सात जण उतरले होते, हे त्यानं मला आणखी दोन वर्षांनी सांगितलं.

रविवारी ओसरीवर चार-पाच शेतकरी येऊन बसत. साहेबाची मराठी ऐकायला बसत, पण तसं म्हणत नसत. त्यांना बर्फाचं काही पटलं नाही, रेषेचं मात्र लगेच पटलं. एका पायावर न डगमगता सरळ जायचं आणि मागे जी रेघ उरेल ती चार जणांनी वाकून बघायची, हे त्यांचं रोजचं काम होतं. आमच्याकडे गहू तिफनीनं पेरतात. तिफन म्हणजे तीन फणांचं पेरणीचं औत. पुढे बैलजोडी, मागे हाकणारा गडी, आणि सोबत चालणारी बाई चाड्यात, म्हणजे तिफनीवरच्या लाकडी वाटीत, मुठीनं दाणे सोडत जाते. गडी चांगला असला तर तास, म्हणजे पेरणीच्या ओळी, सुतासारखे सरळ पडतात. वाकडे पडले तर पुढचे चार महिने येणारा-जाणारा ते बघतो.

त्या दिवशी ओसरीवर वाद लागला, की पंचक्रोशीत सरळ तिफन कोणाची. एकानं पाटलांच्या सालदाराचं, म्हणजे सालभर ठेवलेल्या गड्याचं, नाव घेतलं, दुसऱ्यानं इंझोरीच्या एका म्हाताऱ्याचं. वाद दोन रविवार चालला. तिसऱ्या रविवारी साहेब म्हणाला, "वाद काहून करून राह्यले? स्पर्धा घ्या." मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, कारण नियम लिहायचे म्हणजे मास्तर.

दसऱ्यानंतर गव्हाच्या पेरणीला पहिली स्पर्धा झाली. साहेबानं मला आधी सांगितलं होतं, की त्यांची पहिली स्पर्धा रशियाच्या राजधानीत झाली तेव्हा चारच जण उतरले होते आणि त्यांतही पंचांवरून कुरकुर झाली होती, म्हणून पंच नीट नेमा. मी ते पाटलांना सांगितलं. पाटील म्हणाले, पाच पंच नेमू. पण बाहेरगावचे पंच बोलावले तर त्यांना जेवू घालावं लागेल, म्हणून तीन आपल्याच गावचे घेऊ आणि दोन बाहेरचे. आमच्याकडेही चारच जण उतरले. साहेबाला याचा फार आनंद झाला. त्यानं चौघांशी हात मिळवला आणि प्रत्येकाला सांगितलं, की सुरुवात अशीच असते.

पाटलांच्या वावरात प्रत्येकाला चार-चार फेऱ्या दिल्या. पंच धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, वाकून पाहत गेले. तिघांनी पाटलांच्या सालदाराला पहिला ठरवलं, दोघांनी इंझोरीच्या म्हाताऱ्याला. सालदाराला फेटा बांधला, नारळ दिला. म्हातारा बैल सोडून घरी गेला.

आठ दिवसांनी गहू उगवला.

बर्फावरची रेषा पंचांनी पाहिली की झाडून टाकतात, पुन्हा कोणी तपासू शकत नाही, हे साहेबानं मला सांगितलं होतं. आमच्याकडे तसं नव्हतं. म्हाताऱ्याचे तास या धुऱ्यापासून त्या धुऱ्यापर्यंत ताणलेल्या दोरीसारखे होते. सालदाराचे तास अर्ध्यापर्यंत ठीक होते, पुढे पळसाच्या झाडाजवळ पोटात गोळा आल्यासारखे एका बाजूला वळले होते आणि मग लाजून पुन्हा जागेवर आले होते. वावर वाटेला लागून होतं. पोहरादेवीला जाणारे लोक गाड्या थांबवून बघत आणि विचारत, की फेटा कोणाला दिला. सालदारानं महिनाभर फेटा बांधला नाही. तो तसा सरळ माणूस होता. मला म्हणाला, "मास्तर, मले मालूम होतं. पण पंच म्हनले तं मी काय म्हनू?"

मी हे साहेबाला सांगितलं. तो म्हणाला, की सहा-सात वर्षांपूर्वी त्यांच्याकडेही हेच झालं होतं. एका मुलीला पहिलं ठरवलं तेव्हा पाचांतले तीन पंच तिच्याच देशाचे होते. तिघांनी तिला पहिली ठरवलं, दोघांनी व्हिएन्नाच्या मुलीला. फार बोंब झाली आणि नियम आला, की एका देशाचा एकच पंच. मुलगी वाईट होती काय, असं मी विचारलं. तो म्हणाला, मुळीच नाही, पुढे ती दर वर्षी जिंकत राहिली. आता तिनं पुन्हा जिंकलं की बहिणीचं पत्र नुसतं दोन ओळींचं येतं.

दुसऱ्या वर्षी मी नियम लिहिला, एका गावाचा एकच पंच. पाटील कबूल झाले, कारण वाटेवरच्या वावराचा त्यांनाही ताप झाला होता. यंदा पेरणी वाटेपासून दूरच्या वावरात ठेवा, एवढंच त्यांनी मागितलं. काही जण म्हणाले, की निकाल गहू उगवल्यावरच लावा. त्यावर उगवल्यावर निकाल लावायचा तर आम्ही कायले पाह्यजे, असं पंचांनीच विचारलं. शेवटी पेरणीच्या दिवशी पंचांनी बघून साठ गुण द्यायचे आणि उगवल्यावर चाळीस, असं ठरलं. साठ आणि चाळीस हे आकडे मी साहेबाकडून घेतले होते. कोणी विचारलं नाही.

या साऱ्या गोष्टी मी ओसरीवर सांगत असे. रविवारी साहेबानं सांगायच्या, आठवडाभर मी सांगायच्या. त्यांतली एक गोष्ट अशी होती, की पुष्कळ वर्षांपूर्वी लंडनला स्पर्धा भरली तेव्हा एका बाईनं पुरुषांत आपलं नाव दिलं. पंचांनी नियम काढून पाहिले. बाईनं येऊ नये असं कुठंच लिहिलेलं नव्हतं, कारण बाई येईल असं कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. तिला उतरू द्यावं लागलं आणि ती दुसरी आली. पहिला आलेला म्हणे आपलं सोन्याचं पदक तिला द्यायला निघाला होता. हे शेवटचं खरं की लोकांनी जोडलेलं, ते साहेबालाही माहीत नव्हतं.

ही गोष्ट सांगितल्यावर दोन दिवसांनी एक बाई शाळेत आली. गाव तिला काकी म्हणायचं, मीही म्हणायचो. चाळिशीची असेल. नवरा तापानं गेलेला, एक मुलगी होती ती पोहरादेवीच्या बाजूला दिलेली. काकीचं सात एकर वावर गावाच्या मागे, नाल्यापलीकडे होतं. पेरणीला मजूर आधी मोठ्यांकडे जात आणि हिच्याकडे शेवटी येत, तोवर जमिनीतली ओल उडालेली असे. म्हणून चार वर्षांपासून काकी स्वतःच तिफन हाकत होती. बाईनं चाड्यात दाणे सोडायचे, तिफन हाकायची नाही, अशी आमच्याकडची रीत. पण नाल्यापलीकडे कोणी जात नसे, म्हणून ते चालून गेलं होतं.

ती दारातच उभी राहिली. म्हणाली, "मास्तर, तुमच्या कागदावर लिवलं हाय काय, बाईनं येऊ नाई म्हून?"

कागद मीच लिहिला होता, तरी मी तो काढून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. मग म्हणालो, तसं लिहिलेलं नाही.

"मंग माहं नाव लिवा."

मी नाव लिहिलं. ते लिहिताना मला फार मोठं काही वाटलं असं नाही. माझ्या मनात एवढंच होतं, की पुढच्या रविवारी हे साहेबाला सांगायचं.

गावात आठ दिवस बोलणं चाललं. पाटील मला म्हणाले, नाव खोडा. मी म्हणालो, नियमात नसेल तर कसं खोडू. ते म्हणाले, नियम तुमीच लिवले ना. मी म्हणालो, आता पंच पाच गावांचे आहेत, एकट्यानं नियम बदलता येत नाहीत. हे खरं होतं, आणि ते खरं आहे याचं मला बरं वाटलं. पाटलांचाही अंदाज असा होता, की तिचे तास वाकडे पडतील आणि आपोआप मिटेल.

त्या वर्षी सात जण उतरले. काकीची पाळी पाचवी होती. ती आपलेच बैल घेऊन आली, एक तांबडा आणि एक काळा. चाड्यात दाणे सोडायला गावातली कोणी बाई तयार होईना, तेव्हा पोहरादेवीहून मुलगी आली. काकीनं कासोटा घट्ट केला, बैलांना काही न म्हणता पुढे घातलं आणि नाकासमोर बघत चालू लागली. वावरात शंभर-दीडशे माणूस असेल. आधीच्या चौघांच्या वेळी लोक बोलत होते, विड्या ओढत होते. आता सगळे गप्प झाले. पंचही गप्प होते, आणि पाचांतले चार जण तासांकडे न बघता तिच्याकडे बघत होते, हे मी स्वतः पाहिलं. तिनं चार फेऱ्या केल्या, तिफन उचलली आणि बैलांना घेऊन बाभळीखाली जाऊन बसली. साहेब धुऱ्यावर टोपी काढून उभा होता. ऊन डोक्यावर आलं होतं, तरी त्यानं ती घातली नाही.

साठांपैकी तिला फार कमी गुण मिळाले. सातांत ती सहावी होती. साहेबानं पंचांना विचारलं, की तासात काय चुकलं. एक पंच म्हणाला, तास पाह्यला नाई, पन चुकलंच असन.

गहू उगवला आणि उरलेल्या गुणांसाठी पंच पुन्हा आले. तेव्हा वावरात बाई नव्हती, नुसते हिरवे तास होते आणि कोणते कोणाचे ते मला एकट्याला ठाऊक होतं. ही युक्ती माझी नव्हती. पहिल्या दिवशी ठोकलेल्या नावाच्या खुंट्या गुरांनी पाडल्या होत्या. पंचांनी दोघांना चाळीसपैकी चाळीस दिले, एक इंझोरीचा म्हातारा आणि दुसरी काकी. बाकीच्यांपैकी पंचवीसच्या वर कोणी गेलं नाही. बेरीज केली तर म्हातारा पहिला आणि काकी दुसरी आली. मी तीनदा बेरीज करून पाहिली, कारण लंडनचंच घडतंय असं मला वाटू लागलं होतं आणि बेरजेत माझी इच्छा तर मिसळली नाही ना, अशी शंका आली होती. बेरीज बरोबर होती.

म्हातारा फेटा आणि नारळ घेऊन इंझोरीला गेला. सोन्याच्या पदकाची गोष्ट त्याच्यापर्यंत पोचलेली नव्हती.

तिसऱ्या वर्षी स्पर्धेच्या आधी पंचांची बैठक पाटलांकडे झाली. नियम लिहायला मी होतो. पाटील म्हणाले, बाईला घेऊ नये, आणि त्यांनी तीन कारणं दिली. बाईच्या लुगड्यामुळे पाय नीट दिसत नाहीत, मग ती चालते कशी ते पंचांना कळणार कसं. दुसरं, पंच एखाद्या बाईचा नातेवाईक असला तर तो तिला झुकतं माप देईल. तिसरं, बाईची आणि पुरुषाची बरोबरी कशी करायची. आता खरं म्हणजे काकीनं कासोटा घातलेला, तिचे पाय गुडघ्यापर्यंत दिसत होते, आणि बैठकीतला प्रत्येक पंच कोणत्या तरी पुरुष स्पर्धकाचा मामा किंवा साडू होता. पण मी चकित झालो ते वेगळ्याच गोष्टीनं. लंडननंतर त्या लोकांनी बैठक घेऊन बाईला का घेऊ नये याची कारणं दिली, ती साहेबानं आदल्याच रविवारी मला सांगितली होती. झग्यामुळे पाय दिसत नाहीत. पंच आपल्या ओळखीच्या बाईला गुण देईल. बाईची पुरुषाशी तुलना होत नाही. मी ती गावात कोणालाही सांगितली नव्हती. पाटलांनी ती इथं बसून स्वतःच्या डोक्यानं काढली होती.

चार पंचांनी हात वर केला. इंझोरीच्या पंचानं केला नाही. पाटलांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी लिहिलं, 'स्पर्धक पुरुष असावा.' मी नाही लिहिणार, असं म्हणता आलं असतं. शाळेची जागा पाटलांची होती, आणि कौलं बदलायची होती. पण हे मी आज सांगतो आहे. त्या वेळी मी काहीच विचार केला नाही. सुवाच्य अक्षरात लिहिलं, खाली रेघ मारली.

दुसऱ्या दिवशी काकी शाळेत आली. तिला वाचता येत नव्हतं. म्हणाली, काय लिवलं ते वाचून दाखवा. मी वाचलं. तिनं कागद हातात घेतला आणि बराच वेळ त्याकडे पाहिलं.

"तुमचं अक्षर चांगलं हाय," ती म्हणाली. "एका रेषेत हाय सगयं."

कागद परत देऊन ती गेली. मला त्या दिवशी चौथीला भागाकार शिकवायचा होता. मी शिकवला. मुलांना तो पुढच्या आठवड्यात पुन्हा शिकवावा लागला.

साहेब रविवारी आला तेव्हा मी त्याला सगळं सांगितलं, माझं अक्षर धरून. तो रागावेल असं वाटलं होतं. तो म्हणाला, आमच्याकडे बाई दुसरी आल्यावर चार वर्षांनी बायांची वेगळी स्पर्धा निघाली, आणि त्यानंतर दोन वर्षांनी बाई आणि पुरुषांच्या जोडीची. तुमच्याकडे लवकर होईल, तुमच्याकडे सगळं लवकर होऊन राह्यलं. जोडीचं त्याला मी समजावून सांगितलं, की आमच्याकडे तिफनीवर बाई आणि गडी आधीपासून जोडीनंच असतात. यावर तो खूप हसला. मला त्यात हसण्यासारखं काय होतं ते कळलं नाही.

बायांची वेगळी स्पर्धा मीच बैठकीत मांडली. कोणी विरोध केला नाही. बायांची बायांशी होणार असेल तर आमची हरकत नाही, असं पाटील म्हणाले. चौथ्या वर्षी पाच बायांनी नावं दिली. त्यांत पोहरादेवीकडच्या तांड्यावरची एक बंजारा बाई होती, जिनं आजवर तिफन हाकली होती हे तिच्या नवऱ्यालाही मान्य होतं. मी मोठ्या आनंदानं काकीच्या घरी गेलो. ती ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत होती. मी सांगितलं, की आता वेगळी स्पर्धा आहे, नाव लिहितो.

तिनं शेंगा सोलणं थांबवलं नाही. म्हणाली, "मले नाई याचं."

मी विचारलं, का. मला वाटलं, मागच्या गोष्टीचा राग असेल.

"राग कायचा? त्या बाया चांगल्या हायेत. पन मले त्यायच्याशी नाई पाहाचं. मले त्या इंझोरीवाल्याशी पाहाचं हाय. त्याचा आन माहा तास बरोबर उगवला होता. चाळीसात चाळीस. साठात त्यायनं मले पाह्यलंच नाई. मंग सरळ कोनाचा, हे मले अजून मालूम नाई."

मी म्हणालो, की नियम तसा आहे. ती म्हणाली, हो, तुमी वाचून दाखवला होता.

बायांची स्पर्धा झाली आणि पुरुषांच्या स्पर्धेपेक्षा दुप्पट माणसं जमली. तांड्यावरची बाई पहिली आली. तिला लुगडं आणि नारळ मिळाला. पुढे दोन वर्षं तीच जिंकत राहिली. पुरुषांत म्हातारा जिंकत राहिला, आणि लोकांना निकाल आधीच माहीत असल्यामुळे ते पेरणीपेक्षा जेवणाकडे जास्त लक्ष देऊ लागले.

मग लढाई सुरू झाली. साहेबाच्या देशाचं वर्ष-दीड वर्षापूर्वीच जर्मनीनं आपल्यात विलीनीकरण केलं होतं, त्यामुळे तो जर्मन ठरला होता, आणि जर्मन म्हणजे शत्रू. म्हणजे स्वतःचा देश उरला नव्हता म्हणून त्याला पकडायला पोलीस आले. गणपतीचे दिवस होते. तो रविवारी आला नाही. जिनातल्या एका माणसानं निरोप आणला, की साहेबाला मोटारीत बसवून नेलं, नगरच्या बाजूला कुठंतरी छावणी आहे. जाताना तो पोलिसांशी वऱ्हाडीत बोलला म्हणे. पोलीस अकोल्याचे होते. त्यांनी त्याला चहा पाजला आणि मग नेलं.

युरोपातली स्पर्धा लढाईमुळे बंद पडली, असं मी वर्तमानपत्रात कुठंतरी दोन ओळींत वाचलं. पहिल्या लढाईतही ती अशीच सहा-सात वर्षं बंद होती. मी हे ओसरीवर सांगितलं तेव्हा पाटील म्हणाले, तिकडं बंद हाय तं आपन तरी काहून घ्याची. बाकीच्यांनाही ते रीतीला धरून वाटलं. असे आमचे नियम सुटले. लढाई संपल्यावर साहेबाचं एक कार्ड आलं. तो परत आपल्या गावी गेला होता, बहीण हयात होती, आणि स्पर्धा पुन्हा सुरू होते आहे, असं लिहिलं होतं. कार्ड मराठीत होतं. 'मला' ऐवजी 'मले' होतं. मी ते दुरुस्त केलं नाही.

पण मधली एक गोष्ट सांगायची राहिली. स्पर्धा बंद पडली त्याच साली, गव्हाच्या पेरणीच्या दिवसांत, मी शाळा सुटल्यावर नाल्याकडे गेलो होतो. नाल्यापलीकडे काकीच्या वावरात दोन तिफनी दिसल्या. एक तिची, आणि दुसऱ्या तिफनीमागे इंझोरीचा म्हातारा. तो दीड कोस तिफन गाडीत टाकून आला होता, बैलही स्वतःचे आणले होते. त्याच्याबरोबर त्याची सून दाणे सोडायला होती, काकीबरोबर मुलगी. मला पाहून म्हातारा म्हणाला, की बरं झालं आले, पन पंच नका होऊ, नुसतं बसा. मी धुऱ्यावर बसलो.

मी त्याला विचारलं, की हे कसं काय ठरलं. तो म्हणाला, ठरलं काहीच नव्हतं. पाच वर्षं फेटा बांधतो आहे, पण त्या एका वर्षी फेटा बांधून घरी जाताना त्याला बरं वाटलं नव्हतं. त्यानं उगवलेलं वावर पाहिलं होतं. स्पर्धा चालू होती तोवर यायला लाज वाटली, आता बंद झाली म्हणून आला.

दोघं वावराच्या दोन बाजूंनी निघाले आणि मध्ये चार हात अंतर ठेवून एकमेकांजवळून गेले. कोणी कोणाकडे पाहिलं नाही. आठ-आठ फेऱ्या झाल्या. मग काकीनं सगळ्यांना भाकरी आणि ठेचा दिला, मलाही दिला. जेवताना बैलांविषयी बोलणं झालं. काकीचा काळा बैल वळताना डावीकडे ओढतो, हे म्हाताऱ्यानं दोन फेऱ्यांत ओळखलं होतं. काकी म्हणाली, हो, तो लहानपणापासून तसाच.

नवव्या दिवशी तिघंही पुन्हा वावरात जमलो. कोणी बोलावलं नव्हतं. काकी एका टोकाला बसून एक डोळा मिटून तासाकडे पाहत राहिली, मग म्हाताऱ्याच्या तासाकडे. मग म्हातारा बसला. मीही पाहिलं, पण मला काही फरक दिसला नाही. दोघांना मात्र दिसला. शेवटच्या दोन फेऱ्यांत काकीचा तास काळ्या बैलाच्या बाजूला बोटभर सरकला होता.

"तुमचा सरळ हाय," काकी म्हणाली.

"बोटभर," म्हातारा म्हणाला.

"बोटभर असो. सरळ हाय ना." ती उठली, लुगड्याची माती झटकली. तिचा चेहरा इतका मोकळा झालेला मी आधी कधी पाहिला नव्हता. म्हाताऱ्यानं विचारलं, की पुढच्या साली हरभऱ्यात पाह्यचं काय. ती म्हणाली, पाहू, तोवर त्या काळ्याले काही शिकवता येते काय ते पाह्यते. मग ती बैलांना पाणी दाखवायला नाल्याकडे गेली आणि म्हातारा इंझोरीच्या वाटेला लागला.